मराठी मजकुरात ‘शोधा आणि बदला’: सेड वापरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी अंक, स्मरणिका, संस्थांच्या जुन्या सभासद-याद्या यांचा मजकूर छपाईला जाण्याआधी साफ करणं हे माझं काम. त्यातलं निम्मं काम सेडवर, म्हणजे आज्ञा टाइप करून मजकूर बदलणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमवर चालतं. बरोबरची मंडळी तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

एक सूचना आधीच. या पानावर आज्ञासुद्धा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलला, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीला, मात्र रोमन लागतं. म्हणजे ‘सेड’ दिसलं की एस, ई, डी ही तीन रोमन अक्षरं टाइप करायची. आज्ञेतलं सुटं एस, जी, आय, एन वगैरेही रोमन, आणि सगळी लहान लिपीतली. मोठं अक्षर हवं असेल तिथे मी तसं सांगितलं आहे. तिरप्या रेघांच्या मधला मराठी मजकूर आणि फाइलींची नावं जशीच्या तशी देवनागरीत चालतात.

सेड म्हणजे नेमकं काय? वर्डमध्ये शोधा-बदला आहेच की.

एकच लेख असेल तर वर्डच वापरा, खरंच. पण चाळीस लेख, प्रत्येकात तेच पंचवीस बदल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच, असं असेल तर माउस धरून बसण्यात अर्थ नाही.

सेड फाइल उघडून बसत नाही. एक ओळ वाचतो, तुम्ही सांगितलेला बदल करतो, ओळ बाहेर टाकतो, पुढची घेतो. त्यामुळे फाइल केवढीही असली तरी त्याला घाम फुटत नाही. बेल लॅब्जमध्ये ली मॅकमॅहन यांनी १९७३-७४च्या सुमारास तो लिहिला. बदलाची खूण मात्र त्याआधीच्या, केन थॉम्प्सन यांच्या ‘एड’ या मजकूर-संपादनाच्या प्रोग्रॅममधून आली. शोधायला वापरतो तो ग्रेपही त्याच घरातला. म्हणून एकाची सवय झाली की दुसरा परका वाटत नाही.

अगदी साधी आज्ञा कशी दिसते?

सेड 'एस/कांही/काही/जी' लेख

एस म्हणजे बदल. पहिल्या आणि दुसऱ्या रेघेच्या मध्ये काय शोधायचं, दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या मध्ये काय घालायचं. शेवटचा जी म्हणजे ओळीत जितक्या वेळा सापडेल तितक्या वेळा. तो विसरलात तर प्रत्येक ओळीतला फक्त पहिला ‘कांही’ बदलतो. मराठी मजकुरात अख्खा परिच्छेद बहुतेकदा एकाच ओळीत असतो, म्हणजे परिच्छेदातली एक चूक सुधारते आणि बाकीच्या तशाच राहतात. “अर्धंच झालं” अशी तक्रार आली की मी आधी जी शोधतो.

एकेरी अवतरणचिन्हं सोडू नका, आणि ती सरळ हवीत. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून आज्ञा चिकटवली की ती वाकडी होऊन येतात आणि टर्मिनल त्यांना ओळखत नाही.

आज्ञा चालली, पडद्यावर बदल दिसला, पण फाइल तशीच आहे.

बरोबर आहे. सेड निकाल पडद्यावर टाकतो, मूळ फाइलीला हात लावत नाही. हा दोष नाही, सोय आहे. आधी पडद्यावर बघून घ्या.

निकाल ठेवायचा असेल तर दुसऱ्या नावाने ठेवा: शेवटी > आणि नवं नाव. त्याच फाइलीचं नाव > च्या पुढे कधीही देऊ नका. सेड सुरू होण्याआधीच शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) ती फाइल रिकामी करतं, मग सेडला वाचायला काहीच उरत नाही. तुमच्या हातात शून्य बाइटची फाइल येते, आणि काही चुकल्याचा संदेशही दिसत नाही.

जागच्या जागी बदल हवा असेल तर आय वापरा, पण शेपटासकट:

सेड -आय.जुने 'एस/कांही/काही/जी' लेख

यात ‘लेख’ बदलतो आणि मूळ मजकूर ‘लेख.जुने’ या नावाने शेजारी राहतो. शेपूट काहीही द्या, देवनागरीतही चालतं. नंतर ‘डिफ लेख.जुने लेख’ केलंत की कोणत्या ओळी बदलल्या ते समोर येतं. शेपूट न देता नुसता आय वापरला तर परतीची वाट नाही. सेडमध्ये ‘पूर्ववत करा’ नसतं.

मॅकवर हीच आज्ञा चिडते. का?

सेडची वेगवेगळी घराणी आहेत. मॅकवरचा सेड बीएसडी घराण्यातला, लिनक्सवरचा बहुधा ग्नू घराण्यातला. नुसत्या आयच्या पुढे मॅक शेपटाची वाट बघतो. ते न मिळाल्यावर तुमच्या आज्ञेलाच शेपूट समजतो आणि फाइलीच्या नावाला आज्ञा. शेपूट नको असेल तर मॅकवर आयनंतर जागा सोडून रिकामी अवतरणं '' द्यावी लागतात. वर दिलेलं -आय.जुने हे रूप मात्र दोन्हीकडे चालतं, म्हणून मी तेच शिकवतो. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल किंवा गिट बॅश घ्यावं, त्यांत या आज्ञा विंडोजवरही चालतात.

कथेतल्या नायिकेचं नाव रमाचं उमा केलं आणि सगळी कथा बिघडली. असं कसं झालं?

हा प्रश्न एका लेखिकेने विचारला होता. मराठीत सेड वापरण्याची सगळी मेख यातच आहे, म्हणून जरा सविस्तर.

सेडला शब्द कळत नाहीत, फक्त अक्षरांची रांग कळते. र, म, काना ही रांग सापडली की बदल. त्यामुळे ‘परमात्मा’चा ‘पउमात्मा’ झाला. हे निदान समजतं. पण ‘क्रमांक’चं ‘क्उमांक’ झालेलं बघून ती चक्रावली. क्रमांकमध्ये रमा कुठे आहे? डोळ्याला नाही दिसत. युनिकोडमध्ये मात्र ‘क्र’ हे एक अक्षर नसून क, हलन्त, र अशी तीन चिन्हं असतात. त्या र ला पुढचा म आणि काना मिळाला की झाली रमा तयार. ‘श्रमाचे’, ‘भ्रमात’ यांचंही तेच. जोडाक्षरात दडलेला शब्द डोळ्याला दिसत नाही, सेडला दिसतो.

आता उलट बाजू. कथेत ‘रमेला’, ‘रमेने’, ‘रमेच्या’ अशी रूपंही होती. त्यात काना नाही, मात्रा आहे. म्हणजे ‘रमा’ शोधून ती सापडलीच नाहीत. एकाच पानावर उमा चहा करते आणि सासू रमेला हाक मारते.

तिने मग ‘रमे’चं ‘उमे’ केलं. ‘परमेश्वर’चा ‘पउमेश्वर’ झाला, तो दिसला आणि सुधारला. पण कथेत रमेश नावाचा शेजारीही होता. तो गुपचूप उमेश झाला. उमेश हे चांगलं नाव आहे. शुद्धलेखन तपासनीसाला त्यात काही खटकत नाही, मुद्रितशोधकालाही नाही. छापून आल्यावर वाचकाला प्रश्न पडतो की रमेश गेला कुठे.

मग करायचं काय?

बदलण्याआधी यादी काढायची. मी एकही बदल या आज्ञेशिवाय करत नाही:

ग्रेप -ओ '[^ ]*रमे[^ ]*' कथा | सॉर्ट | युनिक -सी

जिथे जिथे ‘रमे’ आहे तो अख्खा शब्द हे बाहेर काढतं, एकसारखे शब्द एकत्र करतं आणि प्रत्येक किती वेळा आला ते आकड्यात सांगतं. ‘युनिक’ म्हणजे यू, एन, आय, क्यू ही चार अक्षरं. रमेला, रमेच्या, रमेश, परमेश्वर हे सगळे एकाखाली एक समोर येतात. मग ठरवता येतं की कोणती रूपं बदलायची. ‘रमेला’, ‘रमेने’, ‘रमेच्या’ असे पूर्ण शब्द देऊन तीन वेगळे बदल लिहा. तीन ओळी जास्त टाइप केल्याने कुणाचं काही जात नाही.

‘कि’ चं ‘की’ करायचं आहे. एवढं तर सोपं असेल?

इथे मी स्वतः पडलोय. दुर्गभ्रमंतीवरचा एक विशेषांक होता. लेखक उभयान्वयी अव्यय सगळीकडे ऱ्हस्व लिहीत होते. रात्री उशिरा, कंटाळलेल्या डोक्याने, आय वापरून, शेपटाशिवाय, ‘कि’चं ‘की’ केलं. सकाळी फाइल उघडली तर पहिलंच वाक्य: “या कील्ल्यावर कीती पायऱ्या आहेत हे कुणीच सांगत नाही.” सगळे किल्ले कील्ले झाले होते. आणि उलट आज्ञा देऊन सुटका नव्हती, कारण ‘की’चं ‘कि’ केलं असतं तर ‘नक्की’, ‘बाकी’ आणि ‘कीर्तन’ गेलं असतं. ईमेलमधली मूळ प्रत सापडली म्हणून वाचलो, पण तीन तासांचं संपादन त्या प्रतीत नव्हतं.

सुटा ‘कि’च हवा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना काय असू शकतं ते सांगावं लागतं: ओळीची सुरुवात, जागा, स्वल्पविराम, ओळीचा शेवट.

सेड -ई 'एस/(^|[ ,])कि([ ,]|$)/\1की\2/जी' लेख

यातला ई मोठ्या लिपीतला. कंसात जे सापडलं ते \1 आणि \2 ने परत जागेवर ठेवलं, मधला ‘कि’ तेवढा बदलला. अवतरणचिन्हाला चिकटलेला ‘कि’ यातून सुटतो. तो वरच्या यादीच्या आज्ञेने शोधून हाताने सुधारा.

‘आणी’चं ‘आणि’ करणाऱ्यांनीही सांभाळा. ‘आणीबाणी’ वाट बघत बसलेली असते.

जिल्ह्यांची नावं बदलली. आमच्या याद्यांमध्ये एका झटक्यात बदलता येतील?

२०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. तेव्हापासून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पत्त्यांच्या रकान्यात नाव एकटंच असेल तर झटक्यात होतं. गद्य मजकुरात नाही होत.

‘औरंगाबादला’, ‘औरंगाबादहून’, ‘औरंगाबादच्या’ ही रूपं आपोआप नीट होतात, कारण प्रत्यय शेवटी चिकटतो आणि मूळ शब्द बदलत नाही. पण जुन्या लेखकांचं ‘औरंगाबादेत’ बघा. ते ‘छत्रपती संभाजीनगरेत’ होतं. म्हणून हा बदल सगळ्यात आधी लिहायचा:

एस/औरंगाबादेत/छत्रपती संभाजीनगरात/जी

गंमत म्हणजे याच एका ओळीत ‘औरंगाबादेतील’ही बसतं, त्याचं ‘छत्रपती संभाजीनगरातील’ होतं. त्यानंतर साधा बदल.

आता जे बदलायचं नाही ते. १८व्या शतकातले उर्दू शायर सिराज औरंगाबादी यांना ‘सिराज छत्रपती संभाजीनगरी’ करून चालणार नाही. उस्मानाबादी ही शेळीची नामांकित जात आहे. शेतीविषयक अंकात ‘धाराशिवी शेळी’ छापली तर शेळीपालक फोन करतील. बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा जिल्हा आहेच. आणि संदर्भसूचीत जुन्या पुस्तकाचं प्रकाशनस्थळ जे छापलंय तेच राहायला हवं.

वाचवायचे शब्द आधी झाकून ठेवावेत. मजकुरात कधीच येणार नाही अशी खूण घ्या:

एस/औरंगाबादी/@@१@@/जी
एस/औरंगाबादेत/छत्रपती संभाजीनगरात/जी
/बिहार/!एस/औरंगाबाद/छत्रपती संभाजीनगर/जी
एस/@@१@@/औरंगाबादी/जी

तिसऱ्या ओळीचा अर्थ: ज्या ओळीत ‘बिहार’ आहे ती सोडून बाकीच्या ओळींत बदल करा.

अजून एक फजिती. काहींच्या यादीत नुसतं ‘संभाजीनगर’ असतं आणि त्यांना आधी ‘छत्रपती’ लावायचं असतं. साधा बदल दिला तर जिथे आधीच पूर्ण नाव आहे तिथे ‘छत्रपती छत्रपती संभाजीनगर’ होतं. तीच आज्ञा चुकून दुसऱ्यांदा चालवली तर सगळीकडेच. म्हणून आधी ‘छत्रपती संभाजीनगर’चं ‘संभाजीनगर’ करा, मग सगळ्यांना एकदम ‘छत्रपती’ लावा. असा बदल दहा वेळा चालवला तरी निकाल तोच येतो.

‘डॉ.’ चं ‘डॉक्टर’ केलं आणि ‘डॉक्टर्टर’ आलं.

टिंब म्हणजे सेडच्या भाषेत ‘कोणतंही एक चिन्ह’. ‘डॉक्टर’मधल्या ‘डॉ’ पुढचा क त्यात गेला आणि उरलेलं ‘्टर’ मागे चिकटलं. ‘डॉलर’चं ‘डॉक्टरर’ झालं असेल, तेही बघा. खरं टिंब हवं असेल तर त्याआधी उलटी रेघ: डॉ\.

अशीच दुसरी खोडी & ची. नव्या मजकुरात & लिहिलंत तर तिथे सापडलेला शब्द येतो. ‘आणि कंपनी’चं ‘& कंपनी’ करायला गेलात तर ‘आणि कंपनी कंपनी’ मिळतं. इथेही \& लिहा. आणि मजकुरातच तिरप्या रेघा असतील, तारखा किंवा फाइलींचे मार्ग, तर विभाजक म्हणून रेघेऐवजी | घ्या. एसच्या लगेच पुढे जे चिन्ह येईल तेच तो विभाजक मानतो.

शब्द डोळ्यांसमोर आहे, पण सेडला सापडत नाही.

दिसायला सारखं, आत वेगळं. मराठीतले नेहमीचे संशयित सांगतो.

पहिला, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा ऱ. तो तऱ्हेतऱ्हेने टाइप होतो. कुणाच्या कळफलकावरून ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लागून येतो. कुणाकडून साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. कधी र ला नुक्ता लागून. तिघंही पडद्यावर जुळे भाऊ.

दुसरा ॲ. ‘ॲड.’, ‘ॲप’ यांतलं हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीचा मजकूर अ ला चंद्र जोडून लिहिलेला असतो, कधी मध्ये अदृश्य जोडचिन्हही असतं, आणि काही जण हिंदी कळफलकावरचा ऍ वापरतात. वकिलांच्या एका यादीत मला चारही सापडले होते.

तिसरा विसर्ग. ‘दुःख’ लिहिताना निम्मे लोक विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाइप करतात. एस/दु:ख/दुःख/जी हा बदल निर्धोक आहे. पण सरसकट अपूर्णविरामाचा विसर्ग करू नका, कार्यक्रमपत्रिकेतल्या वेळा जातील.

आत काय आहे ते बघायचं असेल तर:

सेड -एन एल लेख

ग्नू सेडवर देवनागरीची प्रत्येक खूण तीन आकडी गटांच्या त्रिकुटात दिसते, कारण यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तिला तीन बाइट लागतात. आपली अक्षरं \340 ने सुरू होतात. मध्येच \342\200\215 दिसलं की ओळखा, अदृश्य जोडचिन्ह बसलंय. सापडलं की त्याच आकड्यांनी धरा:

एस/र्\ओ342\ओ200\ओ215/ऱ्/जी

सगळी अदृश्य चिन्हं एकदम पुसायचा मोह होतो. नका करू. ती पुसलीत की ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, रफार उडून य च्या डोक्यावर जाऊन बसतो.

इंग्रजी आकडे मराठी करायचे आहेत.

वाय/0123456789/०१२३४५६७८९/

वाय चिन्हाला चिन्ह जुळवतो. लांबी जुळत नाही अशी तक्रार आली तर तुमचं लोकेल (संगणकाची भाषा आणि अक्षरांची मांडणी) यूटीएफ-८ नाही, म्हणजे सेड अक्षरांऐवजी बाइट मोजतोय. याच कामाला लोक ‘टीआर’ ही चिन्हं बदलणारी दुसरी आज्ञा सुचवतात. ग्नूचा टीआर बाइटवरच चालतो, देवनागरीचा चक्काचूर करतो. आणि वाय सगळेच आकडे बदलतो, संकेतस्थळांच्या पत्त्यातलेसुद्धा.

पन्नास बदल आहेत. पन्नास वेळा आज्ञा द्यायची?

नाही. ‘नियम’ नावाची फाइल करा, एका ओळीत एक बदल, # ने टिपणं लिहा, आणि:

सेड -आय.जुने -ई -एफ नियम अंक/*

मोठा ई आयला चिकटवू नका. चिकटवलात तर सेड त्याला शेपूट समजतो.

१९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचं साहित्य पुनर्मुद्रित करणाऱ्यांना अशी फाइल फार उपयोगी पडते: नांव, गांव, कांही यांतले अनुच्चारित अनुस्वार काढायला. पण क्रम जपा. ‘कांहीं’चं सरळ ‘काही’ केलं तर ‘कांहींना’चं ‘काहीना’ होतं, आणि तिथला अनुस्वार तर हवा असतो. म्हणून आधी ‘कांही’चं ‘काही’, मग शब्द तिथेच संपत असेल तरच दुसरा अनुस्वार काढायचा:

एस/काहीं([ ,.]|$)/काही\1/जी

‘तें’चं ‘ते’ करतानाही शब्दाचा शेवट बघा. नाहीतर तेंडुलकरांचे तेडुलकर होतात.

ओळीच्या शेवटी असलेला शब्द $ लावूनही सापडत नाही.

फाइल विंडोजवरून आली आहे. तिथे ओळ संपताना एक जादा न दिसणारं चिन्ह असतं, त्यामुळे तुमचा शब्द शेवटचा नसतोच. नियमांच्या फाइलीत सगळ्यात वर एस/\आर$// ठेवा.

वर्डच्या फाइलीवर सेड चालेल? आणि जुन्या श्री-लिपी, कृतिदेवच्या मजकुरावर?

वर्डची फाइल म्हणजे आत दाबून भरलेलं गाठोडं असतं, त्यावर सेड चालवू नका. साधा मजकूर म्हणून जतन करा, मग.

जुन्या फाँटमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण फाइलीत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. ‘काही’ शोधून काहीच सापडणार नाही. सेडचे नियम लिहून तो युनिकोडमध्ये आणायचा प्रयत्न मी एकदा केलाय. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. ती एक उडी कंस आणि \1 वापरून जमते. मग जोडाक्षरावरची वेलांटी येते, तिला दोन-तीन चिन्हं ओलांडून जायचं असतं. मग रफार, तो उलट दिशेने. दोन दिवसांनी मी तयार परिवर्तक वापरला आणि सेडला त्याने केलेल्या चुका सुधारायला बसवलं.